गेलेली पुळण परत आणायची, तर

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर आज जी रुंद वाळू दिसते, ती दीडशे वर्षांपूर्वी तिथे नव्हती. १८७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रास बंदराचं काम सुरू झालं. लाटा अडवणाऱ्या भिंती समुद्रात शिरल्या आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी वाळू त्यांच्या दक्षिण अंगाला साचू लागली. मरीना रुंदावत गेली. भिंतींच्या पलीकडे, उत्तरेला रोयापुरमच्या बाजूला, वाळू पोचेनाशी झाली आणि तिथला किनारा खचू लागला. मच्छीमारांच्या वस्त्या वाचवायला तिथे दगड ओतले गेले, तेव्हा धूप आणखी उत्तरेला सरकली. एकाच बांधकामानं एका बाजूला देशातली नावाजलेली चौपाटी घडवली आणि दुसऱ्या बाजूची पुळण काढून घेतली.

किनाऱ्याच्या धुपीचा सगळा प्रश्न या एका उदाहरणात सामावला आहे. पुळण म्हणजे सतत वाटेवर असलेली वाळू. ती कुठून येते, कुठे जाते आणि वाटेत तिला कोण अडवतं, हे समजून न घेता केलेला उपाय धूप थांबवत नाही. तो तिला शेजारच्या गावात धाडतो. गेलेली पुळण आणि तिच्यामागच्या वाळूच्या टेकड्या परत उभ्या करण्याचे प्रयत्न जगात शंभर वर्षं चालू आहेत. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९२२-२३ मध्ये समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर टाकली गेली, ती या प्रयत्नांची सुरुवात मानतात. तेव्हापासून कुठे काय टिकलं, कुठे काय वाहून गेलं आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांना त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

किती किनारा खचतो आहे?

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९८४ ते २०१६ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून जगभरच्या किनाऱ्यांची पाहणी केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. बर्फाळ प्रदेश वगळता जगातला सुमारे ३१ टक्के किनारा वाळूचा आहे. त्यातला २४ टक्के वर्षाला अर्ध्या मीटरहून अधिक वेगानं मागे हटतो आहे, २८ टक्के पुढे सरकतो आहे आणि उरलेला जवळपास जागच्या जागी आहे.

भारतासाठी असंच काम चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्रानं केलं. १९९० ते २०१८ या काळात मुख्य भूमीच्या ६,६०० किलोमीटरहून थोड्या अधिक किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के किनारा धुपला, २६.९ टक्के किनाऱ्यावर भर पडली आणि ३९.६ टक्के स्थिर राहिला. पश्चिम बंगालात धुपीचं प्रमाण ६०.५ टक्के आहे, पुद्दुचेरीत ५६.२, केरळात ४६.४ आणि तमिळनाडूत ४२.७. महाराष्ट्राचा आकडा २५.५ टक्के आणि गोव्याचा १९.२ टक्के.

आपले आकडे लहान दिसतात म्हणून निर्धास्त व्हावं अशी मात्र स्थिती नाही. कोकणचा बराच किनारा कातळाचा आहे. काळा पाषाण आणि जांभा यांचे कडे तीस वर्षांत फारसे हलत नाहीत, त्यामुळे सरासरी खाली येते. धूप एकवटते ती दोन कड्यांच्या मधल्या पुळणींवर, आणि वस्ती, माड-पोफळीच्या बागा, होड्या ओढायची जागा, पर्यटन हे सगळं त्याच पुळणींवर आहे. शिवाय धूप आणि भर हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. अनेक ठिकाणी एका गावाची भर म्हणजे दुसऱ्या गावाची धूप असते.

वाळूचा प्रवास

पुळणीला वाळू मिळते ती मुख्यतः नद्यांकडून. डोंगर झिजतात, पुराचं पाणी गाळ खाडीत आणतं, खाडीच्या मुखातून तो समुद्रात जातो आणि लाटा त्यातली वाळू किनाऱ्याला लावतात. शिंपल्यांचा चुरा आणि कड्यांची झीज यांची त्यात भर पडते. लाटा तिरप्या येतात तेव्हा वाळू किनाऱ्याला समांतर सरकत जाते. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर हा प्रवाह वर्षातला मोठा काळ उत्तरेकडे असतो, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत उलटतो. गोळाबेरीज उत्तरेकडची राहते. मद्रास बंदरानं नेमकी हीच वाट अडवली.

कोकणात दुसरी हालचाल जास्त ठळक आहे. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून उथळ समुद्रात नेतात आणि तिथे वाळूचे दांडे तयार होतात. पाऊस सरला की संथ, लांब लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. ऑगस्टमध्ये खडक उघडे पडलेली पुळण फेब्रुवारीत भरलेली दिसते ती यामुळे. किनाऱ्यावरच्या माणसांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण धुपीचा पंचनामा बहुतेकदा पावसाळ्यात होतो आणि बंधाऱ्याचा प्रस्तावही त्याच दृश्यावरून तयार होतो. पुळण खरोखर मागे हटते आहे की ऋतूप्रमाणे श्वास घेते आहे, हे ठरवायला अनेक वर्षं, प्रत्येक ऋतूत, त्याच जागी मोजमाप लागतं.

या प्रवासातला तिसरा टप्पा वाऱ्याचा. ओहोटीला उघडी पडलेली वाळू सुकते आणि वारा जोराचा झाला की कण उड्या मारत जमिनीलगत पुढे सरकतात. वाऱ्यानं वाळू कशी हलते याचा शास्त्रीय पाया राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्यानं १९४१च्या आपल्या पुस्तकात घातला. वाळवंटाइतकंच ते किनाऱ्यालाही लागू आहे. वाटेत एखादी वेल, गवताचा पुंजका, वाहून आलेलं लाकूड लागलं की तिथे वारा मंदावतो आणि कण खाली बसतात. त्यावर वनस्पती वाढते, ती आणखी वाळू अडवते, आणि अशी टेकडी चढत जाते.

या टेकड्यांचं काम घरातल्या भाताच्या कणगीसारखं आहे: अडचणीच्या महिन्यांत काढायचं, सुगीत पुन्हा भरायचं. वादळात लाटा टेकडीच्या पायथ्याला भिडतात, वाळू कोसळून समुद्रात जाते, तिथे दांडा तयार होतो आणि पुढच्या लाटा किनाऱ्यापासून दूर फुटतात. कडा तुटलेली टेकडी पाहून ती निकामी झाली असं वाटतं. खरं तर ती तेव्हाच कामाला आलेली असते. तिच्या पोटात साठलेलं गोडं पाणी किनाऱ्यालगतच्या विहिरींना खारं होण्यापासून राखतं, हा तिचा आणखी एक उपकार. २००४च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जिथे उंच टेकड्या शाबूत होत्या, तिथे त्यांच्या मागे पाण्याचा मारा कमी झाला. जिथे त्या कापून सपाट केल्या होत्या, तिथे पाणी सरळ आत घुसलं.

पुळण खचते ती या साखळीत कुठेतरी खंड पडल्यामुळे. धरणं गाळ अडवतात. खाड्यांमधून पंप लावून वाळू उपसली जाते. बंदरांच्या भिंती वाळूची वाट तोडतात. टेकड्या सपाट करून त्यांवर हॉटेलं, रस्ते, वाहनतळ उभे राहतात. या सगळ्यात भर म्हणजे समुद्राची पातळी वाढते आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातली सरासरी वाढ सुमारे २० सेंटिमीटर आहे. उत्तर हिंदी महासागरात १९९३ नंतरचा वेग वर्षाला ३.३ मिलिमीटर मोजला गेला आहे. वाळू आणि जागा मिळाली तर या वेगाशी पुळण जुळवून घेऊ शकते, सगळ्या पसाऱ्यासह ती मागे सरकते. मागे भिंत असली तर सरकायला जागा उरत नाही आणि पुळण पाण्याखाली जाते.

दगडाचे उपाय

धूप दिसली की आपल्याकडे पहिली मागणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची येते. ती समजण्यासारखी आहे, कारण ज्याच्या ओसरीपर्यंत लाट येते त्याला पाच वर्षांचा अभ्यास नको असतो. बंधारा मागच्या जमिनीचं रक्षण करतो, हेही खरं. पण तो पुळणीचं रक्षण करत नाही. लाट भिंतीवर आदळून परतते तेव्हा पायथ्याची वाळू खणून नेते. तळ खोल होतो, तशा मोठ्या लाटा आणखी जवळ येतात, दगड खचतात आणि पुन्हा भर टाकावी लागते. बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना धूप वाढते, म्हणून शेजारची वाडी बंधारा मागते. रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावरचा बंधारा वर्षानुवर्षं बांधला गेला, खचला, पुन्हा बांधला गेला. नंतर तिथे टेट्रापॉड, म्हणजे काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे, आले. मालवणजवळचं देवबाग कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं आहे. दोन्हीकडून पाणी असलेल्या या गावात बंधारा हा दर उधाणाला नव्यानं पेटणारा प्रश्न आहे.

किनाऱ्याला काटकोनात समुद्रात घातलेले आडवे बांध वाळू धरून ठेवतात, पण फक्त वाळू जिकडून येते त्या अंगाला. पलीकडच्या अंगाला तेवढीच तूट पडते. दगडाऐवजी वाळूचाच बांध घालून पाहिला गेला तो ओडिशात: केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पेंठा गावापुढे वाळू भरलेल्या कृत्रिम धाग्यांच्या प्रचंड नळ्यांचा सुमारे अर्धा किलोमीटरचा बांध घातला गेला. गावाला त्याचा आधार झाला. पण त्याच जिल्ह्यातल्या सातभायाची गावं समुद्रानं आधीच गिळली होती आणि तिथल्या लोकांना आत हलवावं लागलं.

दगडाचा उपाय कधीच करू नये, असं म्हणणं किनाऱ्यावरच्या माणसांवर अन्याय ठरेल. केरळात कोचीजवळच्या चेल्लानममध्ये दर पावसाळ्यात घरांत समुद्र शिरत होता. ३४४ कोटी रुपयांच्या प्रकल्पात सुमारे सात किलोमीटर किनाऱ्यावर टेट्रापॉडची भिंत झाली आणि तिच्या मागच्या कुटुंबांचे पावसाळे बदलले. भिंत जिथे संपली त्याच्या उत्तरेला, कण्णमालीच्या बाजूला, लोक समुद्राशी झगडतच राहिले. दाट वस्ती अगदी काठावर असेल आणि तिला हलवणं शक्य नसेल, तिथे भिंत हा शेवटचा उपाय म्हणून मान्य करावा लागतो. फक्त तो घेताना पुळण सोडून दिली आहे आणि शेजारचा किनारा धोक्यात टाकला आहे, हे उघडपणे सांगितलं पाहिजे. रापण ओढणाऱ्यांना, होड्या काठावर ओढणाऱ्यांना, मासळी वाळवणाऱ्या बायकांना पुळण लागते. दगडांच्या ढिगावर यातलं काहीच करता येत नाही.

वाळू परत घालणं

कोनी आयलंडपासून सुरू झालेला दुसरा मार्ग म्हणजे तूट वाळूनंच भरून काढणं. फ्लोरिडातल्या मायामी बीचची पुळण जवळजवळ नाहीशी झाली होती. १९७६ ते १९८१ या काळात समुद्रतळाची वाळू आणून ती पुन्हा घातली गेली. हा उपाय दिसायला सरळ आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. आणलेल्या वाळूचा कण मूळ कणाइतका किंवा थोडा जाड हवा. बारीक असेल तर एकदोन मोसमांत ती निघून जाते. जिथून उपसा होतो तिथला समुद्रतळ आणि त्यावरची जीवसृष्टी उद्ध्वस्त होते. उपसा किनाऱ्याच्या फार जवळ केला तर तो खड्डा भरायला पुळणीचीच वाळू जाते. आणि मूळ कारण कायम असेल तर भर पुन्हापुन्हा घालावी लागते.

हे वास्तव नेदरलँड्सनं राष्ट्रीय धोरणात स्वीकारलं. देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली असल्यानं तिथे टेकड्या म्हणजे संरक्षक तटच आहेत. १९९० मध्ये सरकारनं त्या वर्षीची किनारारेषा आधार धरून तिच्या मागे हटायचं नाही असं ठरवलं आणि ते काम मुख्यतः वाळूवर सोपवलं. २००१ पासून वर्षाला सुमारे १.२ कोटी घनमीटर वाळू किनाऱ्याला दिली जाते. २०११ मध्ये त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. हेगच्या दक्षिणेला एकाच जागी २.१५ कोटी घनमीटर वाळूचं एक द्वीपकल्प तयार केलं आणि ती वाळू पुढे वीसेक वर्षं आसपासच्या किनाऱ्यावर पसरवण्याचं काम लाटा, वारा आणि प्रवाह यांच्याकडे दिलं. ‘वाळूचं इंजिन’ अशा अर्थाच्या नावानं हा प्रयोग ओळखला जातो. दर चार-पाच वर्षांनी समुद्रतळाची शांतता मोडण्याऐवजी एकदाच मोठी भर घालायची, हा त्यामागचा विचार. वाळू अपेक्षेप्रमाणे दोन्ही बाजूंना सरकत गेली, मात्र टेकड्या वाढायला अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव आपल्या बंदरांना जास्त जवळचा आहे. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड यांच्या सीमेवर ट्वीड नदीच्या मुखावरच्या भिंती १९६०च्या दशकात वाढवल्या गेल्या. उत्तरेकडे जाणारी वाळू अडली, आणि १९६७ मध्ये एकामागून एक चक्रीवादळं आली तेव्हा गोल्ड कोस्टचे किनारे ओरबाडले गेले. अखेर २००१ पासून नदीच्या दक्षिणेला अडकलेली वाळू पंपानं उचलून, नळातून नदीखालून उत्तरेला सोडायला सुरुवात झाली. वर्षाला हे प्रमाण सुमारे पाच लाख घनमीटर आहे. सुरुवातीच्या वर्षांत साठलेली तूट भरून काढताना इतकी वाळू गेली की गोल्ड कोस्टवरच्या किर्राची पुळण नको इतकी रुंद झाली आणि तिथला खडकाळ तळ गाडला गेला. वाळू देण्याचंही एक माप असतं, हे तिथे सगळ्यांना दिसलं. पण मूळ तत्त्व पक्कं ठरलं: ज्यानं वाट अडवली, त्यानं वाळू रोज पलीकडे पोचवायची. ती बांधकामाची कायमची जबाबदारी आहे. आपल्याकडे विशाखापट्टणमला बंदरातली उपसलेली वाळू किनाऱ्याला घालण्याची पद्धत अनेक वर्षांची आहे.

पुद्दुचेरीचा धडा

ही जबाबदारी टाळली की काय होतं, ते पुद्दुचेरीत दिसतं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे बंदराच्या भिंती झाल्या. अडलेली वाळू उपसून उत्तरेला टाकत राहायचं, असं आराखड्यात होतं. ते नियमित झालं नाही. शहरापुढची पुळण गेली, तिच्या जागी काळ्या दगडांचा ढीग आला आणि धूप उत्तरेच्या मच्छीमार गावांत, पुढे तमिळनाडूच्या हद्दीत शिरली. ‘पाँडीकॅन’ या नागरिकांच्या संस्थेनं वाळू हा विषय लावून धरला. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या संस्थांनी आराखडा केला, २०१८ मध्ये शहराच्या उत्तर टोकाला पाण्याखाली एक मोठी त्रिकोणी पोलादी रचना बसवली गेली आणि जोडीला उपसलेली वाळू घातली गेली. लाटांचा जोर मोडला, दगडांपुढे वाळू साचली, आणि कित्येक वर्षांनी लोक आपल्या शहरासमोर वाळूवर उतरले.

हे यश खरं आहे आणि ते साजरं करण्याजोगं आहे. त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी. पाण्याखालची रचना वाळू निर्माण करत नाही, आलेली वाळू धरून ठेवते. बंदराजवळून पुरवठा चालू राहिला नाही, तर धरायला काही उरणार नाही, आणि शहरानं धरलेली वाळू उत्तरेच्या गावांच्या वाट्यातून वजा होईल. गोव्यानं याचा एक अनपेक्षित नमुना पाहिला आहे. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज कांदोळीसमोर रुतलं आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिलं. त्याच्या आडोशाला वाळू साचली आणि बाजूची पुळण खचली. समुद्रात काहीही उभं केलं, मुद्दाम वा अपघातानं, की वाळूची वाटणी बदलते.

टेकड्या उभ्या करणं

पुळण भरली तरी मागे टेकडी नसेल तर पहिल्या मोठ्या वादळात सगळं जातं. टेकडी परत आणण्याचं काम तुलनेनं स्वस्त आहे, गावाच्या हातात आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. त्यात बुलडोझरनं ढीग घालण्याला फारसं स्थान नाही. वाऱ्याला वाळू टाकायला लावणं हे खरं काम आहे. त्यासाठी अर्धं उघडं, अर्धं बंद असं कुंपण घालतात. पूर्ण बंद भिंतीपाशी वारा भोवरे घेतो आणि वाळू खणतो. अर्ध्या उघड्या कुंपणातून तो मंदावून जातो आणि वाळू तिथेच ठेवतो. परदेशात याला लाकडी पट्ट्या वापरतात. कोकण-गोव्यात माडाच्या झावळ्या आणि बांबू हाताशी आहेत, आणि काम संपल्यावर ते कुजून वाळूत मिसळतात.

मग लागवड. समुद्राकडच्या पहिल्या रांगेत मर्यादवेल; जांभळ्या फुलांची ही वेल मीठ आणि उन्हाला दाद देत नाही, वाळू अंगावर आली तर नवी मुळं फोडून वर येते. तिच्या जोडीला स्पिनिफेक्स हे काटेरी गवत, ज्याला दक्षिणेत रावणाच्या मिशा म्हणतात. त्यामागे निर्गुडीच्या कुळातली झुडपं आणि केवडा, आणि सर्वांत मागे उंडी, भेंड, करंज यांसारखी झाडं. हा क्रम उलटा केला तर टेकडी धरत नाही. कोकणात वन विभागानं अनेक किनाऱ्यांवर सुरूची बनं लावली. वाऱ्याला आडोसा म्हणून बागांना त्यांचा उपयोग झाला. पण पुळणीच्या अगदी कडेला सुरूच्या सुयांचा थर पडला की खाली वेली-गवत वाढत नाही आणि वाळू बांधणारं जाळं तयार होत नाही. कडा तुटू लागली की झाडं मुळासकट आडवी होतात. जून २०२० मध्ये श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात निसर्ग चक्रीवादळानं पाडलेली सुरूची झाडं अनेकांनी पाहिली आहेत. सुरू मागच्या रांगेत असावं. पुढची रांग वेलींची आणि गवताची.

याहून महत्त्वाचं आहे काही गोष्टी न करणं. टेकडीवरून गाड्या आणि पायवाटा नेल्या की वनस्पती मरते, तिथे खिंड पडते आणि वादळात पाणी त्याच खिंडीतून येतं. म्हणून जमिनीपासून उचललेल्या लाकडी वाटा ठरावीक जागीच हव्यात. भरतीच्या रेषेवर साचलेला शेवाळ-काटक्यांचा पट्टा म्हणजे नव्या टेकडीचं बीज असतं. यंत्रानं किनारा साफ करताना आपण तेच खरवडून टाकतो. प्लास्टिक हातानं वेचावं, बाकी तिथेच राहू द्यावं. टेकडी कायमची जखडून ठेवणंही बरं नव्हे. नेदरलँड्समध्ये गवत लावून टेकड्या इतक्या घट्ट केल्या गेल्या की आतली वाळू हलेना आणि उघड्या वाळूवर जगणारी जीवसृष्टी घटली. २०१३च्या सुमाराला झुइड-केनेमरलँडच्या राष्ट्रीय उद्यानात पुढच्या टेकड्यांना मुद्दाम पाच खाचा पाडल्या गेल्या, वाऱ्यानं वाळू पुन्हा आत न्यावी म्हणून.

कासवांचा प्रश्न इथेच जोडलेला आहे. वेळास, आंजर्ले, मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले माद्या भरतीच्या रेषेच्या वर, टेकडीच्या पायथ्याशी घरटी करतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासच्या ग्रामस्थांबरोबर उभं केलेलं कासव-संवर्धनाचं काम आता राज्यभर माहीत आहे. अंडी ज्या वाळूत असतात तिच्या तापमानावर पिल्लं नर होणार की मादी हे ठरतं. त्यामुळे बाहेरून वेगळ्या रंगाची, वेगळ्या कणाची वाळू आणताना कासवांचाही विचार करावा लागतो. पुळण अरुंद झाली, मागे भिंत आली, तर मादीला अंडी घालायला कोरडी जागाच मिळत नाही.

कायदा काय म्हणतो

नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. त्यातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ची किनारा नियमन अधिसूचना आली. २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्यानं लिहिली गेली. वाळूच्या टेकड्या अतिसंवेदनशील वर्गात आहेत आणि त्यांना छेडणं निषिद्ध आहे. मात्र २०१९च्या अधिसूचनेनं दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. स्थानिकांच्या घरांची अडचण खरी होती, यात शंका नाही. पण हा पट्टा म्हणजे टेकडीची आणि मागे सरकणाऱ्या पुळणीची जागा आहे, आणि ती एकदा भरली की परत मिळत नाही. कायद्यातल्या टेकड्यांना संरक्षण तेव्हाच मिळतं, जेव्हा त्या नकाशावर असतात. सपाट केलेली टेकडी नकाशावर येत नाही.

दापोली तालुक्यातल्या केळशीची भारजा खाडीजवळची वाळूची टेकडी या बाबतीत आठवावी. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिचा दीर्घ अभ्यास केला आणि सोळाव्या शतकातल्या त्सुनामीशी तिचा संबंध जोडला. या मतावर चर्चा होऊ शकते. पण कोकणच्या समुद्राचा इतिहास वाळूच्या थरांत लिहिलेला आहे आणि टेकडी कापली की ते दप्तर कायमचं जातं, हे त्या कामानं दाखवून दिलं.

कोकण-गोव्यासाठी

जगभरचे उपाय आपल्याकडे जसेच्या तसे आणता येणार नाहीत, कारण आपली पुळण वेगळी आहे. पूर्व किनाऱ्यावर वाळूचा लांबलचक प्रवाह आहे. आपल्याकडे बहुतेक पुळणी दोन कड्यांच्या कुशीत बसलेल्या आहेत आणि प्रत्येकीचा जमाखर्च बराचसा स्वतंत्र आहे. एखाद्या पुळणीची वाळू एकदा गेली, तर शेजारच्या पुळणीकडून ती भरून येण्याची आशा थोडी. तिची ठेव तीनच ठिकाणी असते: खाडीत, समोरच्या दांड्यांत आणि मागच्या टेकडीत. म्हणून खाडीतला वाळूउपसा आणि टेकडीचं सपाटीकरण हे आपल्याकडे जास्त घातक आहे. समोर बंधाऱ्यावर कोट्यवधी खर्च करायचे आणि त्याच खाडीत रात्री पंप चालू द्यायचे, यात कोणताही मेळ नाही.

यातून कामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी शाबूत टेकड्या राखायच्या, कारण टेकडी राखणं ती नव्यानं उभारण्यापेक्षा कैक पटींनी स्वस्त आहे. प्रत्येक पुळणीचं पावसाळ्याआधी आणि नंतर नियमित मोजमाप व्हावं. यात गावच्या शाळा-महाविद्यालयांना सहज सामावून घेता येईल. आपल्याजवळ खडकवासल्याची १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आणि गोव्याच्या टेकड्यांवर आंतोनियो मास्कारेन्यस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. ज्ञान कमी नाही. ते बंधाऱ्याची निविदा निघण्याआधी विचारात घेतलं जात नाही. बंदराच्या किंवा मच्छीमार धक्क्याच्या प्रत्येक प्रस्तावात अडणारी वाळू कोण, कशी आणि किती वर्षं पलीकडे पोचवणार, याचं उत्तर आणि त्याचा खर्च आधीच लिहिलेला असावा. जून २०२४ मध्ये मंजुरी मिळालेल्या वाढवण बंदरात समुद्रातली लाटरोधक भिंत दहा किलोमीटरहून लांब असणार आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर तिचा परिणाम मोजण्याची यंत्रणा काम सुरू असतानाच उभी राहिली पाहिजे, धूप दिसल्यावर नव्हे.

आणि काही जागी माघार घ्यावी लागेल. नवीन घर, हॉटेल, रस्ता टेकडीच्या मागेच हवा. रेवस-रेडी सागरी मार्गाची आखणी करताना किनाऱ्याला खेटून जाण्याचा मोह टाळला, तर पुढच्या पिढ्यांचे अनेक बंधारे वाचतील. जी घरं आजच काठावर आहेत, त्यांना सक्तीनं उठवायचं नाही. पण ज्यांना मागे यायचं आहे त्यांना त्याच गावात, समुद्राच्या हाकेच्या अंतरावर, पक्क्या हक्काची जागा मिळाली पाहिजे. मच्छीमाराला डोंगरावर बसवून पुळण वाचवणं याला पुनरुज्जीवन म्हणता येत नाही.

शंभर वर्षांच्या प्रयोगांतून एक निष्कर्ष पक्का हाती येतो. जिथे वाळूची वाट मोकळी झाली आणि पुळणीला मागे जागा मिळाली, तिथे किनारा परत आला. जिथे फक्त काठावर काहीतरी उभं केलं गेलं, तिथे खर्च वाढला आणि पुळण गेली. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पुळण-टेकड्यांच्या अनेक जोड्या अजून शाबूत आहेत. त्या राखण्याचा निर्णय ग्रामपंचायतीच्या ठरावापासून मंत्रालयापर्यंत आजच घेता येतो, आणि तो आजच घ्यायला हवा.